एकच विषय

परवा संध्याकाळी माझा एक जुना विद्यार्थी घरी आला होता. वर्गात मागच्या बाकावर बसणारा, गणितात कच्चा आणि इतिहासात पक्का. आता त्याचेच केस पांढरे झालेत! चहा पिता पिता म्हणाला, "सर, रागावणार नसाल तर एक सांगू? तुम्ही फार पसरट लिहिता. आज ज्ञानेश्वरी, उद्या मुळा-मुठेचा पूर, परवा ज्वारीची भाकरी. कशाचा कशाला मेळ नाही. एक विषय धरा ना. येरवड्याचा इतिहास लिहा. इथली जुनी माणसं आता उरलीत किती?"

मी काही बोलण्याआधीच स्वयंपाकघरातून आवाज आला, "मी हेच सांगतेय दहा वर्षं!"

एरवी मी हसून सोडून दिले असते. पण गेल्या वर्षापासून माझ्या डोळ्यांच्या पडद्याचा त्रास वाढला आहे. डॉक्टरांनी वाचन-लेखन दिवसाला दीड तासावर आणून ठेवले आहे. दीड तास म्हणजे किती हो? वर्तमानपत्र चाळण्यातच अर्धा तास जातो. उरलेल्या तासाभरात दहा विषयांची दहा अर्धवट पाने लिहायची, की एकच काम तडीस न्यायचे, हा प्रश्न आता माझ्यापुरता तरी गमतीचा राहिलेला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेल रोडने फिरायला गेलो. कारागृहाची ती लांबच लांब दगडी भिंत मी हजारदा पाहिली असेल. त्या दिवशी मात्र वाटले, अरे, आपला प्रश्न या भिंतीआड एका माणसाला नव्वद वर्षांपूर्वीच पडला होता की! पडला होता म्हणण्यापेक्षा सरकारने त्याच्यावर लादला होता.

गांधीजींइतका पसरट लिहिणारा संपादक आपल्या देशात क्वचितच झाला असेल. १९०३ साली दक्षिण आफ्रिकेत 'इंडियन ओपिनियन' सुरू झाले. तेव्हापासून राजकारणाच्या शेजारी आहार, मातीचे उपचार, ब्रह्मचर्य, चरखा, गाय, सगळे एका पंगतीत बसलेले. 'नवजीवन'मध्ये १९२५ पासून आत्मकथाही हप्त्याहप्त्याने आली. आज एखाद्या संपादकाने असा अंक काढला तर आपणच म्हणू, बुवा, हे वर्तमानपत्र आहे की आजीचा बटवा?

हा माणूस १९३० च्या मे महिन्यात मिठाच्या सत्याग्रहानंतर येरवड्यात आला. आश्रमातल्या मंडळींना तो दर आठवड्याला पत्र लिही. एका आठवड्याला एक व्रत. सत्य, अहिंसा, अस्वाद, अस्तेय असे ओळीने. मंगळवारी पहाटेच्या प्रार्थनेनंतर ही पत्रे लिहिली जात, म्हणून गुजरातीत त्यांचे पुस्तक 'मंगलप्रभात' या नावाने निघाले. सगळ्या व्रतांवर लिहिले, पण स्वदेशीवर तुरुंगात लिहिले नाही! कारण स्वदेशीबद्दल नीट लिहायचे तर राजकारणात पाऊल पडणार, आणि कैद्याने ते टाकायचे नाही. तो लेख सुटकेनंतर लिहिला. मला या गोष्टीचे फार अप्रूप वाटते. विषयाचे कुंपण कोणी घालून दिले असेल तर त्याखालून हात घालून पलीकडची फुले तोडायची नाहीत. आपण मास्तर लोक तर पानिपत शिकवता शिकवता महागाईवर घसरतो...

पुढची गोष्ट १९३२ ची. जानेवारीत पुन्हा अटक, पुन्हा येरवडा. सोबतीला वल्लभभाई आणि मार्चपासून महादेवभाई देसाई. महादेवभाईंच्या डायऱ्यांमुळे या दिवसांचे चित्र आपल्याला बारकाव्यानिशी मिळते. वल्लभभाई रद्दी कागदाची पाकिटे करताहेत, पं. सातवळेकरांच्या पाठांवरून उतारवयात संस्कृत शिकताहेत. गांधीजींना आकाशातल्या ताऱ्यांचा नाद लागलाय, दुर्बीण मिळवून निरीक्षण चाललेय. म्हणजे बघा, कोठडीतसुद्धा हा माणूस एका विषयावर बसेना!

मग सप्टेंबर आला. अस्पृश्यांच्या स्वतंत्र मतदारसंघाविरुद्ध २० सप्टेंबरला उपोषण सुरू झाले. डॉ. आंबेडकरांशी कारागृहातल्या आंब्याच्या झाडाखाली बोलणी झाली, २४ तारखेला पुणे करार झाला आणि २६ ला उपोषण सुटले. यापुढे अस्पृश्यतानिवारणाचे काम तुरुंगातून करू द्या, अशी मागणी गांधीजींनी लावून धरली. नोव्हेंबरमध्ये सरकारने ती मान्य केली. भेटी घ्या, पत्रे लिहा, लेख छापायला द्या, पण विषय एकच. बाकी राजकारणाचा एक शब्द नाही.

त्यातून ११ फेब्रुवारी १९३३ रोजी पुण्यात 'हरिजन' हे इंग्रजी साप्ताहिक निघाले. संपादक म्हणून आर. व्ही. शास्त्री, किंमत एक आणा, पहिल्या अंकाच्या दहा हजार प्रती. मजकूर येरवड्याच्या भिंतीतून बाहेर जाई आणि गावात छापला जाई. पाठोपाठ हिंदी आणि गुजराती आवृत्त्याही निघाल्या.

पहिल्याच अंकात एक गोष्ट घडली, ती आमच्या प्रश्नाच्या मुळाशी जाते. डॉ. आंबेडकरांकडे संदेश मागितला होता. आठवडाभरच आधी, ४ फेब्रुवारीला, ते येरवड्यात येऊन मंदिरप्रवेशाच्या विधेयकाबद्दल बोलून गेले होते. त्यांनी संदेश द्यायचे नाकारले आणि चार परखड वाक्ये पाठवली. आशय असा की, अस्पृश्यता ही जातिव्यवस्थेतूनच निपजते, जाती आहेत तोवर अस्पृश्य राहणारच. गांधीजींनी ते छापले आणि शेजारी आपले उत्तरही. म्हणजे एक जण म्हणतो, माझा विषय अस्पृश्यता. दुसरा म्हणतो, तुम्ही विषयाचा तुकडा धरला आहे, पूर्ण विषय नव्हे! ('हरिजन' हे नावदेखील बाबासाहेबांना आणि त्यांच्या अनुयायांना मान्य नव्हते.) मला इथे बाबासाहेबांचे बरोबर वाटते. १९२० चा 'मूकनायक' आणि १९२७ चा 'बहिष्कृत भारत' वरून पाहिले तर एकाच विषयाची पत्रे. पण ज्याला पाणवठा, शाळा, देऊळ, नोकरी, न्याय सगळीकडे तोच एक अडथळा आडवा येतो, त्याच्या दृष्टीने त्या एका विषयात सगळे जगच येते. बाहेरचा माणूस त्याला 'एक विषय' म्हणतो.

पुण्याला हा वाद काही नवा नव्हता. आगरकर 'केसरी'चे पहिले संपादक. १८८७ मध्ये ते त्यातून बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढला. आधी राजकारण, घरातली भांडणे नंतर, हा टिळकपक्षाचा आग्रह होता. तो काही मूर्खपणाचा नव्हता. एका वेळी एकच मोर्चा लढवावा हे सैन्याचे शहाणपण आहे. पण १८९५ साली पुण्यात काँग्रेस भरली तेव्हा सामाजिक परिषदेला त्या मांडवात जागा मिळाली नाही, तिला वेगळे भरावे लागले. एक विषय धरायचा म्हटले की कोणाला तरी मांडवाबाहेर जावे लागते. वर्गात हे शिकवताना मी मुलांना नेहमी विचारायचो, बाहेर कोण राहिले? उत्तर तारखांपेक्षा महत्त्वाचे असायचे.

असो. 'हरिजन'चे पुढे काय झाले पाहा. मे १९३३ मध्ये एकवीस दिवसांच्या उपोषणाच्या पहिल्याच दिवशी गांधीजींना सोडले आणि ते उपोषण इथेच टेकडीवरच्या पर्णकुटीत पार पडले. ऑगस्टमध्ये पुन्हा अटक झाली. यावेळी ते शिक्षा झालेले कैदी होते, म्हणून पूर्वीच्या सवलती मिळेनात. तर त्या एका विषयाच्या लेखनासाठी आणि कामासाठी त्यांनी १६ ऑगस्टला परत उपोषण मांडले! २३ तारखेला प्रकृती ढासळल्यावर सुटका झाली. लादलेला विषय वर्षभरात इतका आपलासा झाला होता.

आणि तरीही तो एकटा राहिला नाही. मेलेली जनावरे ओढणाऱ्यांबद्दल लिहायचे तर कातडी कमावण्याबद्दल लिहावे लागते, मैला वाहणाऱ्यांबद्दल लिहायचे तर संडास आणि सोनखताबद्दल. १९३४ च्या डिसेंबरात वर्ध्याला ग्रामोद्योग संघ निघाला आणि 'हरिजन'मध्ये हातसडीचे तांदूळ आणि गूळही येऊन बसले. पुढे प्रांतांत काँग्रेसची मंत्रिमंडळे आली तेव्हा राजकारणही आले. १९४२ मध्ये सरकारने ते बंद पाडले, तेव्हा त्याचा पुरता बटवा झाला होता. त्याच वर्षी आगाखान पॅलेसमध्ये, म्हणजे आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर, कैदेत बसून गांधीजींनी काय लिहिले? 'आरोग्याची चावी'! ऐन धामधुमीत हवा, पाणी आणि अन्न.

हे सगळे त्या विद्यार्थ्याला मी काल फोनवर ऐकवले. बिचाऱ्याने शांतपणे ऐकून घेतले. शेवटी मी म्हटले, "येरवड्याचे लिहितो. पण त्यात नदी येणार, भाकरी येणार, ज्ञानेश्वरीही येईल. बाहेर कोणाला ठेवायचे ते मी ठरवणार, तू नाही."

"चालेल सर. पण डोळ्यांचं काय?"

तेव्हा आठवले की १९२३ मध्ये याच कारागृहात गांधीजींनी दक्षिण आफ्रिकेतल्या सत्याग्रहाचा इतिहास सांगायला घेतला, आणि पहिली तीस प्रकरणे इंदुलाल याज्ञिकांनी लिहून घेतली होती. ते मी बोललो मात्र, तो लगेच म्हणाला, "रविवारी दुपारी मोकळा असतो मी. वही घेऊन येतो."

अक्षर त्याचे चौथीपासून वाईट आहे. पण दीड तास डोळ्यांचा आणि वर दोन तास तोंडाचे, एवढी सोय झाली. पहिला रविवार ठरला आहे. सुरुवात कशी करायची हे मात्र ठरलेले नाही. मी म्हणतो कारागृहाच्या दरवाजापासून, सौ. म्हणते आमच्या गल्लीतल्या जुन्या पिठाच्या गिरणीपासून.