उसाच्या बेटाकडे चार महिने

पोर्तुगीज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे तोफा, गलबते आणि वसईचा किल्ला उभा राहतो. परंतु त्याच राष्ट्राची हजारो गरीब माणसे बायकामुलांसह पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांवर ऊस तोडावयास गेली, ही हकीकत आपल्याकडे क्वचितच सांगितली जाते.

ही माणसे बहुतांशी मादेरा आणि अझोर्स या अटलांटिकमधील बेटांवरची. मादेराचे जीवन द्राक्षावर चाले. १८५२ मध्ये वेलींवर भुरी पडली. १८७२ च्या सुमारास मुळे खाणारी कीड आली. डोंगरउतारावरील जमिनी थोड्या जमीनदारांच्या, कसणारे मात्र पुष्कळ. घर सोडण्यास याहून वेगळे कारण काय हवे?

तिकडे हवाईच्या राज्याने १८७५ मध्ये अमेरिकेशी करार केला. तेथील साखर अमेरिकेत बिनजकातीने जाऊ लागताच उसाचे मळे झपाट्याने वाढले. पण राबणार कोण? १७७८ मध्ये कॅप्टन कुक तेथे पोहोचला, त्यानंतर परकी रोगांनी मूळच्या लोकांचा संहार चालविला होता. १८७८ च्या खानेसुमारीत ते सुमारे ४४ हजारच उरले. होनोलुलूत पूर्वी राहिलेले डॉक्टर हिलेब्रांड तेव्हा मादेरात होते. त्यांनी या बेटकऱ्यांची शिफारस केली.

३० सप्टेंबर १८७८ रोजी ‘प्रिसिला’ जहाज शंभराहून अधिक पोर्तुगीजांना घेऊन होनोलुलूस लागले. पुढच्या वर्षी ‘रेव्हन्सक्रॅग’वर चारशेंहून अधिक जण होते. पनामाचा कालवा १९१४ मध्ये खुला झाला. तोवर अटलांटिकातून निघालेल्या शिडाच्या जहाजाला दक्षिण अमेरिकेचे टोक वळसा घालून जावे लागे. एप्रिलमध्ये निघालेले ‘रेव्हन्सक्रॅग’ २३ ऑगस्ट १८७९ रोजी पोहोचले. १८८२ मध्ये ‘मोनार्क’ या आगबोटीने आठशेंहून अधिक माणसे दोन महिन्यांच्या आत नेली.

आता मुद्द्याकडे येऊ. मळेवाल्यांना हात हवे होते. राज्याला वस्ती हवी होती. म्हणून कामकऱ्याबरोबर त्याच्या कुटुंबाचाही प्रवासखर्च सोसला गेला. हा सौदा महाग पडला, आणि १८८५ पासून जपानी मजूर येऊ लागल्यावर पोर्तुगीजांची आवक ओसरत गेली. तथापि जे कुटुंबासह आले, ते बहुतेक तेथेच रुजले. आपल्या कोकणातून मॉरिशसच्या उसात गेलेल्या मराठी माणसांची हकीकतही याच शतकातली. पण त्या बेटावर नेलेल्या पहिल्या तांड्यांत स्त्रिया फार थोड्या होत्या.

रुजणे सोपे मात्र नव्हते. १८५० च्या कायद्याप्रमाणे करार मोडून पळणाऱ्यास पकडून आणीत, मुदत वाढवीत, न ऐकल्यास तुरुंगात टाकीत. ही पद्धत १९०० मध्ये संपली. पोर्तुगीजांतील कित्येक पुढे मुकादम झाले. इतर मजूर त्यांना मालकाचा माणूस समजत. उलट मालकवर्गाने त्यांना आपल्या पंगतीस बसविले नाही. १९३० पर्यंत खानेसुमारीत त्यांचा रकाना इतर गोऱ्यांपासून वेगळाच होता.

‘रेव्हन्सक्रॅग’वर नुनेश, दियाश आणि एश्पिरितो सांतो हे तीन सुतार होते. त्यांनी मादेराच्या चार तारांच्या लहानशा वाद्यावरून घडविलेले वाद्य पुढे ‘उकुलेले’ म्हणून जगभर गेले. आज हवाईची ओळख सांगणारे हे वाद्य मळ्यावर राबावयास आणलेल्या माणसांचे आहे. मजूर मोजून आणता येतात. त्यांच्याबरोबर काय येईल हे मात्र कोणत्याही करारात लिहिलेले नसते.