ग्वाल्हेरच्या लष्करातील मराठी पाकशाळा

दौलती, तह आणि मोहिमा यांच्या नोंदी बखरकारांनी निष्ठेने करून ठेवल्या. परंतु त्या मोहिमांवर निघालेल्या पुरुषांच्या मागोमाग ज्या स्त्रिया परमुलखात गेल्या, त्यांनी तेथे चूल कशी मांडली आणि तेथील बाजारातल्या फळांशी व पाल्याशी आपल्या घरची चव कशी जुळविली, याची नोंद फारशी कोणी केलेली नाही. वास्तविक समाजाच्या स्थलांतराचा इतिहास स्वयंपाकघरात जितका स्पष्ट वाचता येतो, तितका तो दप्तरांतही वाचता येत नाही. वेश दरबाराच्या रीतीने बदलतो, व्यवहाराची भाषा बाजाराच्या रीतीने बदलते. आमटीत आंबट काय घालावे हे मात्र घरच ठरविते.

गोमंतक आणि ग्वाल्हेर यांचा संबंध महाजन-कुलाव्यांना नवीन नाही. श्रीमंगेशाचे निस्सीम भक्त रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून पेशव्यांनी १७३९ साली मंगेशी गाव देवस्थानास दिला, हे सर्वांस ठाऊक आहे. हेच रामचंद्रबाबा पुढे राणोजी शिंद्यांचे दिवाण होते. महादजी शिंद्यांच्या काळी पेडण्याजवळच्या केरी गावचे जीवबादादा केरकर हे त्यांच्या फौजेचे बक्षी झाले. लखबादादा लाड, बाळोबातात्या पागनीस ही शेणवी मंडळीही शिंदेशाहीच्या इतिहासात गाजली. पुढे १८१० साली दौलतराव शिंद्यांनी ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या पायथ्याशी आपल्या फौजेचा तळ दिला. तंबूंची घरे झाली, घरांचे वाडे झाले, वाड्यांभोवती पेठा वसल्या, आणि त्या शहराला 'लष्कर' हेच नाव कायमचे पडले. दक्षिणेतून आलेली अनेक मराठी घराणी तेथेच स्थिरावली.

या घराण्यांतील गृहिणींपुढे पहिला प्रश्न उभा राहिला तो हवामानाचा. गोमंतकात वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरांच्या आसपास पाऊस कोसळतो. ग्वाल्हेरीस त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकाही जेमतेम पडतो. वैशाख-ज्येष्ठात तेथे 'लू' नावाचा तप्त वारा वाहतो आणि पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो, तर पौषात रात्री हात गारठतात. अशा भूमीत कोकमाचे झाड रुजत नाही आणि माडाला नारळ धरत नाही. बिमली, ओटांबा, तेफळ ही नावेदेखील तेथील बाजाराला अपरिचित. सुके खोबरे आणि वाळलेली आमसुले व्यापाऱ्यांच्या गोण्यांतून दूरवर जाऊ शकत. परंतु ज्या चवीचा प्राण ताजेपणात आहे, ती गोणीत भरून नेता येत नाही. म्हणून तिच्या जागी त्या भूमीतलेच काही योजावे लागले. ही योजना करण्यात जे तारतम्य लागले, तोच या इतिहासाचा गाभा होय.

ती भूमी फळांच्या बाबतीत दरिद्री मात्र मुळीच नव्हती. १५२८ साली बाबर ग्वाल्हेरचा किल्ला पाहण्यास आला. तेथील एका बागेतली तांबडी कण्हेर त्यास इतकी आवडली, की ती त्याने आग्र्याच्या बागांत लावविली. आपल्या आत्मवृत्तात त्याने हिंदुस्थानातील आंबा, केळे, चिंच, खिरणी, जांभूळ, कमरख, फणस, बोर, करवंद, आवळा यांची वर्णने लिहिली आहेत, आणि कच्च्या आंब्याचे तोंडीलावणे उत्तम होते व तो पाकातही चांगला लागतो, असा अभिप्रायही नोंदविला आहे. अकबराच्या काळी अबुल फजलने 'आईन-इ-अकबरी'त फळांचे प्रकार आणि त्यांचे भाव दिले. हा ग्रंथकार १६०२ साली ग्वाल्हेरनजीक आंतरीच्या परिसरात मारला गेला आणि त्याची कबर आंतरीसच आहे.

याच 'आईन'मध्ये अननसाला 'प्रवासी फणस' अशा अर्थाचे नाव दिलेले आढळते. पोर्तुगिजांनी अमेरिका खंडातून आणलेले हे फळ पश्चिम किनाऱ्यावरून उत्तरेत पोहोचले. जहांगीर बादशहाने लिहून ठेवले आहे, की फिरंग्यांच्या बंदरांत होणारी ही सुगंधी फळे आग्र्याच्या गुल-अफशान बागेत दरवर्षी हजारोंनी निपजतात. आग्र्यापासून ग्वाल्हेर अवघे १२० किलोमीटर. म्हणजे गोमंतकीय मुत्सद्दी शिंद्यांच्या पदरी येण्यापूर्वी शंभराहून अधिक वर्षे, किनाऱ्यावरचे फळ त्या प्रांताच्या उंबऱ्याशी येऊन ठेपले होते.

पेरूची कथा याहून मनोरंजक आहे. हे फळही मूळचे अमेरिकेतले. पोर्तुगीज भाषेत 'पेरा' म्हणजे नासपती. त्या शब्दावरून मराठीत 'पेरू' आला. ग्वाल्हेरच्या बाजारात याच फळाला 'अमरूद' म्हणतात, आणि फारसी भाषेत 'अमरूद' म्हणजेही नासपतीच. परके फळ पाहून दोन्ही प्रांतांच्या लोकांनी त्यास एकाच ओळखीच्या फळाचे नाव दिले; एकाने ते फिरंग्यांकडून घेतले, दुसऱ्याने इराण्यांकडून. थंडीच्या दिवसांत पेरूच्या फोडी दह्यात कालवून, वर मोहरी-हिंगाची फोडणी व चिरलेली कोथिंबीर घातलेली कोशिंबीर मराठी पानात वाढली जाते. त्या कोशिंबिरीत एवढा भूगोल सामावलेला असतो.

आता वर्षाचे चक्र पाहू. चैत्र उजाडला, की पाडव्याला कडुनिंबाची कोवळी पाने, गूळ, चिंच, ओवा आणि मीठ वाटून प्रसाद होतो. कडुनिंब ग्वाल्हेरीस दारोदारी. मग चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आंब्याची डाळ आणि पन्हे. हरभऱ्याची डाळ चार तास भिजवून भरड वाटावी, तीत किसलेली कैरी, मीठ आणि चवीपुरती साखर कालवावी, वरून हिंग, मोहरी, हळद व मिरचीची फोडणी गार करून ओतावी. हा प्रकार ज्या घरात होतो ते घर मराठी, अशी खूणगाठ त्या शहरातही बांधता येते. फोडणी गार करूनच ओतावयाची, कारण गरम तेलाने कैरीचा ताजा कच्चेपणा मरतो. ओले खोबरे नसले तर कोथिंबीर सढळ हाताने घालावी.

पन्ह्यात दोन प्रांतांची गाठ पडली. दक्षिणेकडची गृहिणी कैरी उकडून तिच्या गरात गूळ, वेलची आणि केशर घालते. उत्तरेत कैरी निखाऱ्यावर भाजून तिच्यात भाजलेले जिरे, पुदिना आणि काळे मीठ मिसळतात व लू बाधू नये म्हणून ते पितात. एक पेय सणाचे, दुसरे पथ्याचे. पहिल्याने पाहुण्यांचा सत्कार व्हावा आणि दुसऱ्याने घरातील मुलांचे उन्हापासून रक्षण व्हावे, इतका विवेक त्या प्रांतात राहणाऱ्या घराला आपोआप येतो. बेलफळाचे आणि फालशाचे सरबत, तसेच नदीच्या वाळवंटात पिकणारी काकडी व खरबुजे यांचाही हाच काळ.

करवंदाने मात्र नव्याने आलेल्यांना चकविले असावे. कोकणातली डोंगरची काळी मैना वैशाखात पिकते आणि मुले ती पानांच्या द्रोणात घेऊन खातात. उत्तरेतला करौंदा पावसाळ्यात येतो, गुलाबी-पांढरा असतो, आणि हिरव्या मिरच्यांबरोबर परतून त्याची भाजी किंवा लोणचे करतात. त्याचा आंबटपणा तीक्ष्ण. आमसुलाची उणीव भरून काढण्यास कैरी, चिंच आणि हा करौंदा असे तीन हात पुढे आले.

श्रावणात गोमंतकीय घरांत टायकिळ्याची भाजी आठळ्या घालून होते. ही वनस्पती ग्वाल्हेरच्या माळांवरही पहिल्या पावसानंतर उगवते. तेथे तिला 'चकवड' म्हणतात आणि बहुतेक लोक तिला तण समजून सोडून देतात. ओळखीची नजर असली, तर परमुलखातल्या रस्त्याच्या कडेलाही घरची भाजी सापडते. तसेच चाकवताचे. तो उत्तरेत 'बथुआ' या नावाने विकला जातो. शेपूला तेथे 'सोआ' म्हणतात. नावे बदलली, तरी पाला तोच आहे हे चुरगाळून वास घेतल्यावर कळते, आणि ही परीक्षा पुस्तकात शिकता येत नाही.

गोमंतकात गणेशचतुर्थीस माटोळी बांधतात. तीत आंबाडे, तोरिंजन, कांगलां, माट्टुळ, सुपारीचे घोस अशी रानची फळे टांगली जातात. माटोळी म्हणजे त्या ऋतूत त्या भूमीने काय दिले याचा लेखच होय. त्यातील बहुतेक वस्तू ग्वाल्हेरीस मिळणाऱ्या नव्हेत. परंतु जे ऋतूने दिले ते प्रथम देवास दाखवावे, हे तिचे तत्त्व कोणत्याही प्रांतात पाळता येते. कार्तिकात आवळीखाली भोजन, संक्रांतीच्या सुगडात बोरे, ऊस, गाजर व हरभऱ्याचे घाटे, महाशिवरात्रीस कवठ गुळात कालवून केलेली चटणी, या सर्वांना लागणारी सामग्री ग्वाल्हेरच्या थंडीत मुबलक असते. काही सणांना त्या भूमीत वस्तू शोधाव्या लागल्या, काहींना त्या आयत्याच मिळाल्या.

सासवाचा विचार करता हे अधिकच स्पष्ट होते. पिकलेले घोटां आंबे किंवा अननस, ओले खोबरे आणि वाटलेली मोहरी यांचे हे गोमंतकीय पक्वान्न. चंबळेच्या दोन्ही तीरांवरचा प्रदेश मोहरीच्या पिकासाठी प्रसिद्ध. माघात तेथली शेते पिवळीधमक होतात. गोमंतकात मोहरी बाजारातून आणावी लागते आणि नारळ परसात असतो. ग्वाल्हेरीस मोहरी दाराशी आणि नारळ दुर्मीळ. एकाच पदार्थाची दोन अंगे दोन प्रांतांत विभागली गेली आणि त्यांना एकत्र आणण्याचे काम स्वयंपाकघराने केले.

या पाककलेला शास्त्राचाही आधार आहे. अळूच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात व त्यांमुळे घसा खवखवतो. म्हणून अळूचे फदफदे आंबटाशिवाय करीत नाहीत; गोमंतकात त्यात आंबाडे पडतात, इतरत्र चिंच. आंबट पदार्थ बिनकल्हईच्या पितळी भांड्यात ठेवला तर तो कळकतो. म्हणून सारासाठी कल्हईचे भांडे आणि लोणच्यासाठी चिनी मातीची बरणी, हा दंडक घरोघरी पाळला जाई. कोथिंबीर आणि पुदिना यांचा सुगंध त्यांतील उडून जाणाऱ्या तेलांत असतो. तो टिकावा म्हणून हा पाला भांडे उतरविल्यावर घालावयाचा. कढीलिंबाला मात्र आरंभीच तापलेल्या फोडणीत टाकावयाचे, कारण त्याचा गंध तेलात उतरतो. या गोष्टी आजीने नातीला 'असेच करावयाचे' एवढ्या दोन शब्दांत सांगितल्या. कारण सांगितले नाही, पण पद्धत चुकू दिली नाही.

मराठीत पाकशास्त्राची पुस्तके एकोणिसाव्या शतकातच छापली जाऊ लागली. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र' १८७५ सालचे. त्याच्या आदल्याच वर्षी ग्वाल्हेरीस जयाजीराव शिंद्यांचा जयविलास महाल पूर्ण झाला होता. त्या महालातील भोजनाच्या मेजावरून फिरणारी चांदीची आगगाडी पाहण्यास आजही लोक जातात. परंतु शहरातील साध्या घरांच्या चुलींवर काय घडले, ते कोणत्याही दालनात मांडलेले नाही. १८८८ साली मार्मागोव्याचा लोहमार्ग सुरू झाला आणि पुढच्याच वर्षी ग्वाल्हेर झाशीशी जोडले गेले. त्यानंतर दक्षिणेची सामग्री उत्तरेत येणे सुलभ होत गेले.

आज तर सर्वच सुलभ आहे. कोकमाचे सरबत बाटलीत मिळते, नारळाचे दूध डब्यात मिळते, आणि कैरी कोणत्याही महिन्यात मिळू शकते. यात सोय आहे हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु जी वस्तू बारा महिने मिळते तिचा ऋतू विसरला जातो, आणि जेथे पर्याय शोधावा लागत नाही तेथे पर्याय शोधणारी बुद्धीही निजते. ग्वाल्हेरच्या लष्करातील गृहिणीने कोकम नसताना जे साधले, ते एका पदार्थाच्या जागी दुसरा पदार्थ ठेवण्याइतके सोपे नव्हते. कैरी किती आंबट, चिंच किती काळी करील, कवठाला गूळ किती लागेल, हे तिला प्रत्येक वेळी जिभेवर ठरवावे लागे. तिने वस्तू बदलल्या आणि रुची राखली.

महाजन घराणी आज गोमंतकाबाहेर अनेक शहरांत आणि परदेशांतही विखुरलेली आहेत. उत्सवास ती श्रींच्या चरणी एकत्र येतात तेव्हा कुळे, गोत्रे आणि वंशावळी यांची विचारपूस होते. त्याच वेळी प्रत्येक घरातील वडीलधाऱ्या स्त्रीस विचारून, कोणत्या महिन्यात कोणते फळ, कोणता पाला, आणि तो न मिळाल्यास त्याच्या जागी काय, एवढे एका वहीत उतरवून ठेवले, तर वंशावळीइतकाच मोलाचा तो लेख होईल. जीवबादादांचे नाव इतिहासाने जपले आहे. त्या काळी उत्तरेत ज्यांनी घरोघरी नैवेद्य सिद्ध केला, त्या स्त्रियांची नावे आता मिळणे नाही. त्यांच्या हातचे जे काही अद्याप घराघरांत शिजते, तेवढे तरी पुढच्या पिढीच्या हाती पडावे.