कर्त्याविना कर्तव्य

दहाव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमधल्या डॉर्सेट परगण्यात, सर्न इथल्या मठात, एल्फ्रिक नावाचा भिक्षू मुलांसाठी लॅटिनचं व्याकरण लिहीत होता. लॅटिन समजवायचं ते लॅटिनमधूनच, असा तेव्हाचा रिवाज. एल्फ्रिकने तो मोडला आणि पोरांच्या तोंडच्या इंग्रजीतून नियम सांगितले. कर्मणी रूपांपाशी मात्र त्याची पंचाईत झाली असणार. 'माझ्यावर प्रेम केलं जातं' हे सगळं लॅटिन 'आमोर' या एका शब्दात उरकते, आणि इंग्रजीकडे तसा शब्दच नव्हता. त्याने 'असणे' या अर्थाचं क्रियापद घेतलं, त्याला मुख्य क्रियापदाचं भूतकालवाचक धातुसाधित जोडलं आणि वेळ निभावली. ही जोडणी त्याची नव्हे, लोकांच्या बोलण्यातली. 'कॅन बी डन', 'मस्ट बी पेड', 'शुड बी सेंट' ही आज शाळेत घोकून घेतली जाणारी रूपं तिच्याच पोटची.

इंग्रजीच्या भाषाकुळाला एकशब्दी कर्मणी कधी ठाऊकच नव्हतं असं नाही. चौथ्या शतकात बिशप वुल्फिलाने गॉथिक भाषेत बायबल आणलं, त्यात वर्तमानकाळाची अशी रूपं आहेत. इंग्रजीपर्यंत त्यातलं एकच पोचलं: 'हाट्टे', म्हणजे 'अमुक म्हटला जातो'. बाकी सगळी भिस्त सहायक क्रियापदांवर. तीही दोन होती. एक 'बेऑन', म्हणजे असणे, आणि दुसरं 'वेओर्दान', म्हणजे होणे. जर्मनने 'होणे' जपलं, तिथे आजही 'वेर्डन'वाचून कर्मणी होत नाही. इंग्रजीने मध्ययुग सरता सरता ते टाकून दिलं, आणि त्याची किंमत ती अजून मोजते आहे. 'द डोअर इज शट' म्हटलं की दार आधीच बंद आहे की कुणी बंद करतं, हे पुढचं-मागचं वाक्य पाहून ठरवावं लागतं.

त्याच सुमारास आणखी एक शब्द गेला. जुन्या इंग्रजीत 'मान' हे सर्वनाम होतं. अर्थ 'कुणीतरी', 'लोक', 'माणसं'. जर्मनमध्ये ते अजून खणखणीत आहे. कर्ता सांगायचा नसेल तेव्हा 'माणसाने हे करावं' असं कर्तरीतच म्हणता येई. हा शब्द मावळल्यावर बिनकर्त्याचं बोलायला कर्मणी हाच हाताशी उरला. कर्मणीचं पीक पुढे इतकं माजलं त्याचं एक कारण काही भाषाभ्यासक इथे पाहतात, आणि मला ते पटतं.

आता 'कॅन', 'मे', 'शॅल', 'मस्ट', 'विल' यांच्याकडे वळू. एके काळी ही धडधाकट, स्वतःच्या पायावर उभी असलेली क्रियापदं होती. 'शॅल' म्हणजे देणं लागणे, अगदी पैशांचं सुद्धा. 'मे' म्हणजे अंगात ताकद असणे. 'विल' म्हणजे इच्छिणे. 'मस्ट' ज्याच्यातून आलं त्या 'मोट'चा अर्थ तर मुळात मुभा असणे. सक्ती मागाहून शिरली. 'कॅन' म्हणजे जाणणे, आणि आपल्या 'जाणणे'मागे जो ज्ञा धातू आहे त्याचं आणि 'कॅन'चं आद्य मूळ एकच.

जाणणारा, देणेकरी, इच्छा धरणारा हा कुणी जिवंत माणूसच असायचा. भाकरी काही जाणत नाही, पत्र कुणाचं देणं लागत नाही, धोंड्याला इच्छा नसते. म्हणजे 'भाकरी खाता येते' हे 'कॅन'ने सांगायचं तर आधी 'कॅन'ला आपलं जाणतेपण विसरायला हवं होतं. ते एका दिवसात झालं नाही. बराच काळ असं काम 'मे' करत होतं. मध्ययुगीन इंग्रजीत 'कॅन' हळूहळू जाणण्यावरून जमण्याकडे आणि जमण्यावरून नुसत्या शक्यतेकडे सरकलं, तेव्हा कुठे निर्जीव वस्तू त्याच्यापुढे कर्ता म्हणून बसू लागल्या.

'शॅल'ची गंमत याहून मोठी. 'तू पत्र पाठवशील' यात ऋण तुझ्या डोक्यावर. 'पत्र पाठवलं जाईल' असं फिरवलं की व्याकरणाच्या हिशेबी ऋणको पत्रच होऊन बसतं. माणूस वाक्यातून निघून जातो आणि बंधन तेवढं मागे राहतं.

या क्रियापदांनंतर नुसतं 'बी' का येतं, 'टु बी' का नाही, हा शाळेतला नेहमीचा प्रश्न. 'बी' हे 'बेऑन'च्याच कुळातलं मूळ रूप. शेवट झिजत झिजत एवढंच उरलं. 'टु' लावायची पद्धत फोफावली त्याच्या आधीच या क्रियापदांशी नुसतं मूळ रूप घट्ट बसलं होतं. 'ऑट' तेवढं 'टु' घेतं, म्हणून 'ऑट टु बी डन'. बाकीच्या क्रियापदांमागे कर्मणी मूळ रूप जुन्या इंग्रजीतच रुळलं होतं. 'टु'सकटचं कर्मणी सर्रास झालं ते पुढच्या काळात. त्याआधी 'टु'च्या पुढे रूप कर्तरी आणि अर्थ कर्मणी असा मामला चाले. त्याचा अवशेष मुंबई-पुण्यात फाटकाफाटकावर टांगलेला असतो: 'टु लेट'. तर्काने पाहिलं तर 'टु बी लेट' हवं; जुन्या सवयीने पाटी तशीच राहिली आहे.

ग्रंथांत हा प्रयोग ठळक दिसतो तो भाषांतरांत. १५२६ साली विल्यम टिंडेलचा इंग्रजी नवा करार छापून निघाला. डोंगरावरच्या प्रवचनात शोक करणाऱ्यांचं सांत्वन होईल, भुकेलेले तृप्त होतील अशी वचनं येतात, तिथे त्याने 'शॅल बी' वापरलं. सांत्वन कोण करणार हे न सांगता कळतं, कारण देवाचं नाव टाळायचं हीच मुळातली अदब. बायबलचे अभ्यासक याला दैवी कर्मणी म्हणतात. कायद्यातही तेच. १२१५चा मॅग्ना कार्टा लॅटिनमध्ये आहे. स्वतंत्र माणसाला पकडलं जाऊ नये, कैद केलं जाऊ नये या त्यातल्या कलमाची एकशब्दी कर्मणी क्रियापदं इंग्रजीत 'शॅल बी' लावून उतरली. देवाच्या रिकाम्या जागी इथे राजसत्ता बसली. आपल्याकडे १८६० साली भारतीय दंडसंहिता झाली. मेकॉलेच्या आयोगाने तिचा मसुदा १८३७ साली केला होता. २०२४पर्यंत लागू असलेल्या या संहितेच्या कलमाकलमात 'शॅल बी पनिश्ड' होतं.

शिक्षेच्या कलमात हे खपून जातं, शिक्षा कोर्टच देणार. खरी गोची कर्तव्याच्या कलमात होते. 'नोटीस दिली जाईल' म्हणजे कोण देईल? १८४०च्या दशकात जॉर्ज कूड या बॅरिस्टरने कायद्याच्या भाषेवर निबंध लिहून नेमकं इथे बोट ठेवलं. कायदा ज्याला काही करायला सांगतो ती व्यक्ती वाक्यात असलीच पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. मसुदे लिहिणाऱ्यांनी कूडला मान दिला आणि 'शॅल बी' चालू ठेवलं.

व्याकरणकारांना या जोडणीचं काय करावं हे लवकर उमगलं नाही. लिंडली मरे हा अमेरिकेतून यॉर्कजवळ येऊन राहिलेला क्वेकर वकील. मुलींच्या एका शाळेसाठी त्याने १७९५ साली व्याकरण लिहिलं आणि ते तुफान खपलं. त्यात 'कॅन बी लव्हड' हे एकाच क्रियापदाचं 'शक्यतार्थ' रूप म्हणून लॅटिनच्या चालीवर कोष्टकात बसवलेलं आहे. एल्फ्रिकने लॅटिनच्या एका शब्दासाठी इंग्रजी शब्दांची जुळणी केली होती. आठशे वर्षांनी मरेने जुळणीलाच एक शब्द मानलं. त्याच वर्षी कवी रॉबर्ट साउदीने एका पत्रात 'इज बीइंग'वालं चालू कर्मणी लिहिलं. पुढे १८७० साली अमेरिकन टीकाकार रिचर्ड ग्रँट व्हाइट त्या रूपावर तुटून पडला, पण रूप टिकलं. 'विल बी बीइंग डन' मात्र नियमात बसूनही कुणाच्या तोंडी सहसा येत नाही.

आपल्या शाळांत हे सारं आलं ते मुख्यतः रेन आणि मार्टिनच्या पुस्तकातून. यातला पी. सी. रेन मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला होता. 'बो जेस्ट' ही कादंबरी त्याचीच. 'चेंज द व्हॉइस' असं फर्मान सुटलं की मुलं कर्ता उचलून 'बाय' लावून शेपटाला बांधतात. प्रत्यक्षात इंग्रज माणूस कर्मणी वापरतो तेव्हा कर्ता बहुधा सांगतच नाही. तो सांगायचा नसतो म्हणूनच तर कर्मणी.

मराठीत 'केले जाऊ शकते' हे भाषांतरित वाक्य त्याच वाटेने आलं. 'जाणे' लावलेल्या या प्रयोगाला व्याकरणकारांनी 'नवीन कर्मणी' असं नाव दिलं आणि त्याचं खापर इंग्रजीवर फोडलं. सरकारी टिपणीतलं 'कार्यवाही करण्यात यावी' हे कूडच्या समोर ठेवण्याजोगं आहे. वास्तविक शक्यता आणि कर्मणी एकाच क्रियापदात ओवायची सोय मराठीत पूर्वीपासून आहे. 'आजीच्याने अजून जिना चढवतो' हा आपला शक्य कर्मणी. यात आजी कुठे जात नाही, तिचं वय वाक्यात ऐकू येतं. आणि जुन्या मराठीत 'करिजे', 'म्हणिजे' अशी अस्सल एकशब्दी कर्मणी रूपं होती, एल्फ्रिकने हेवा करावा अशी. 'पाहिजे' हे त्यांतलंच, मूळ अर्थ 'पाहिलं जातं'. आज ते 'मस्ट'चं काम करतं, आणि आपण कर्मणी होतो हे इतकं विसरलं आहे की अनेकवचनाचा 'त' लावून 'आंबे पाहिजेत' असंही होतं.