मर्कवुड

मर्कवुड : इंग्रज लेखक जे. आर. आर. टॉल्किन (१८९२–१९७३) यांनी कल्पिलेल्या मिडल-अर्थ या जगाच्या उत्तर भागातले सर्वांत मोठे अरण्य. वाचकांना ते प्रथम भेटले ‘द हॉबिट’ (१९३७) या मुलांसाठी लिहिलेल्या कादंबरीत. पुढे ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४–५५) आणि लेखकाच्या मृत्यूनंतर मुलगा ख्रिस्तोफर टॉल्किन यांनी संपादित केलेला ‘अनफिनिश्ड टेल्स’ (१९८०) यांतून त्याचा भूगोल आणि इतिहास भरत गेला. कोळ्यांचे भयाण रान एवढीच त्याची ओळख सांगणे अपुरे आहे. मर्कवुड हे मुळात निरोगी असलेले, बाहेरून आलेल्या सत्तेमुळे आजारी पडलेले आणि अखेर बरे झालेले अरण्य आहे.

त्याचे जुने नाव ग्रीनवुड द ग्रेट, एल्फांच्या भाषेत एरिन गालेन. तिसऱ्या युगाच्या १०५० या वर्षाच्या सुमारास त्यावर काळी छाया पसरली आणि मर्कवुड हे नाव रूढ झाले. हे नाव टॉल्किन यांनी घडवलेले नाही. प्राचीन नॉर्स काव्यांत सरहद्दीवरच्या काळ्या अरण्यासाठी ते येते, आणि विल्यम मॉरिस यांनी १८८९ च्या आपल्या कादंबरीत ते वापरले होते.

अरण्य रोव्हानियन या प्रदेशात उत्तर-दक्षिण पसरले आहे. पश्चिमेला अँडुइन ही महानदी, तिच्या पलीकडे मिस्टी माउंटन्सची रांग. उत्तरेला ग्रे माउंटन्स. ईशान्येला लाँग लेक हे सरोवर आणि एरेबॉरचा एकाकी डोंगर. विस्ताराची कल्पना गँडाल्फ जादूगाराच्या एका सल्ल्यावरून येते. रान टाळून वळसा घालायचा तर उत्तरेकडून सुमारे दोनशे मैलांचा फेरा पडेल, दक्षिणेकडून त्याच्या दुप्पट, असे तो ‘द हॉबिट’चा नायक बिल्बो बॅगिन्स आणि त्याच्या बुटक्या सोबत्यांना सांगतो. शिवाय उत्तरेच्या वाटेवर गॉब्लिन, दक्षिणेच्या वाटेवर नेक्रोमॅन्सर या काळ्या जादूगाराचा मुलूख. म्हणून मंडळी सरळ रानात शिरतात.

अरण्याच्या मध्यापासून थोडे उत्तरेला एमिन डुइर ही डोंगररांग आहे. तिच्या दक्षिणेने पूर्व-पश्चिम जाणारा जुना वनमार्ग बुटक्यांच्या रहदारीचा होता. ‘द हॉबिट’च्या काळापर्यंत त्याचे पूर्वेकडचे टोक झाडोऱ्याने गिळले होते आणि पुढे दलदल माजली होती. उत्तरेकडची एल्फांची पायवाट तेवढी चालू राहिली. दक्षिण भागात पूर्वेची कड एकदम आत घुसते आणि तिथे रान अरुंद होते. ही खाच निसर्गाची नाही. पूर्वेच्या काठावर राहणाऱ्या नॉर्थमेन लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या झाडे तोडली, त्यातून ती झाली. कल्पित नकाशावरच्या एका बाकदार रेघेमागेही माणसांची कुऱ्हाड आहे, हे टॉल्किन यांच्या भूगोलाचे खास वैशिष्ट्य आहे.

नद्यांपैकी फॉरेस्ट रिव्हर ग्रे माउंटन्समध्ये उगम पावून अरण्याचा उत्तर भाग ओलांडते आणि लाँग लेकला मिळते. एमिन डुइरमधून उत्तरेकडे वाहत तिला मिळणारा मंतरलेला ओढा काळ्या पाण्याचा आहे. त्याचे पाणी अंगाला लागले की गाढ झोप आणि विस्मरण येते. बॉम्बर हा लठ्ठ बुटका त्यात पडतो तो कित्येक दिवस उठतच नाही, सोबत्यांना त्याला उचलून न्यावे लागते. जागा होतो तेव्हा प्रवास सुरू झाल्यानंतरचे काहीच त्याला आठवत नाही. स्वप्नातली मेजवानी मात्र लख्ख आठवते.

अंतर्भागाचे वर्णन टॉल्किन यांनी जवळून केले आहे. हवा कोंदलेली, वारा नाही, दिवसा हिरवट अंधुक उजेड आणि रात्री डोळ्यांत बोट घातले तरी दिसू नये असा काळोख. अंधारात डोळ्यांच्या जोड्या चमकतात. खारी काळ्या, एक मारून खाऊन पाहिली तर तोंडात धरवत नाही. झाडांमध्ये दोरखंडासारखी जाड जाळी, पण पायवाटेवर एकही नाही. अन्न संपत आले तेव्हा बिल्बोला एका ओकच्या शेंड्यावर चढवतात. वर ऊन आहे, वारा आहे, मखमली काळी फुलपाखरे शेकड्यांनी उडत आहेत. रान कुठे संपते ते काही त्याला दिसत नाही, आणि तो खचून खाली उतरतो. खरे तर कड फारशी दूर नव्हती. ते झाड एका रुंद, वाटीसारख्या खोऱ्याच्या तळाशी होते, म्हणून चहूकडे नुसती पानेच दिसली. निराशेचे कारण भूरचनेत शोधणारा हा प्रसंग मला साऱ्या पुस्तकात अव्वल वाटतो.

रहिवाशांत पहिला मान वन-एल्फांचा. प्रजा सिल्वन कुळातली, राजघराणे सिंदार कुळातले. पहिला राजा ओरोफर दक्षिणेतल्या आमोन लांक या बोडक्या टेकडीपाशी राहत असे. दुसऱ्या युगातच तो टप्प्याटप्प्याने उत्तरेकडे सरकला. मिस्टी माउंटन्समधल्या मोरियाचे बुटके आणि अँडुइनपलीकडच्या लोरिएन या एल्फ-राज्यात वाढत चाललेला तिथल्या स्वामिनीचा, गॅलाड्रिएलचा प्रभाव, दोन्ही त्याला नको होते. मिडल-अर्थवर सत्ता गाजवू पाहणाऱ्या सॉरॉन या दुष्ट शक्तीविरुद्धच्या महायुद्धात तो पडला. मुलगा थ्रँडुइल जेमतेम एक तृतीयांश सैन्य घेऊन परतला. छाया वाढल्यावर त्याने ईशान्य कोपऱ्यात, फॉरेस्ट रिव्हरकाठी, भूमिगत दालनांत राजधानी केली. ‘द हॉबिट’मध्ये त्याला केवळ ‘एल्फांचा राजा’ म्हटले आहे. थ्रँडुइल हे नाव आणि त्याचा मुलगा लेगोलस, दोन्ही पुढच्या ग्रंथातले. टॉरिएल ही योद्धी पुस्तकांत नाहीच. ती पीटर जॅक्सन यांच्या २०१३ च्या चित्रपटासाठी निर्माण केलेली आहे.

या राज्याचा व्यापार पाण्यावरून चाले. डोरविनियनची मद्ये आणि इतर माल एस्गारोथ या सरोवरातल्या लाकडी नगराकडून वर येई. रिकामी पिंपे तळघरातल्या झडपेतून खालच्या ओढ्यात सोडत, ती प्रवाहाबरोबर नदीत जात. पुढे त्यांचे तराफे बांधून नगराकडे नेत. एल्फांनी बंदी केलेल्या बुटक्यांना बिल्बो याच पिंपांत बसवून सोडवतो. ती पळवाट पटते, कारण तिच्यामागे रोजच्या व्यवहाराची घडी आधीच बसवलेली आहे.

माणसांमध्ये पश्चिम कडेचे वुडमन आणि बेऑर्निंग येतात. बेऑर्न हा अस्वलाचे रूप घेणारा, मधमाश्या पाळणारा धिप्पाड पुरुष. त्याचे वंशज मिस्टी माउंटन्समधली खिंड आणि अँडुइनचा उतार प्रवाशांसाठी खुला ठेवत आणि त्याबद्दल जकात घेत. त्याच कडेला रोसगोबेल येथे पशुपक्ष्यांचा जाणकार रॅडागास्ट जादूगार राहत असे. पूर्वेच्या नॉर्थमेनचे नशीब खडतर ठरले. तिसऱ्या युगातल्या १६३६ च्या महामारीने त्यांची फार मोठी हानी केली, आणि १८५६ मध्ये पूर्वेकडून आलेल्या गाडीवाल्या टोळ्यांनी उरलेल्यांना गुलाम केले. त्यातून निसटून अँडुइनच्या खोऱ्यात आलेला एओथेओड हा गट म्हणजेच रोहानच्या घोडेस्वारांचे पूर्वज.

महाकोळी अंगोलियांट या आदिम राक्षसीच्या वंशातले. ते बोलतात, आपापसांत भांडतात, आणि हिणवून गाणी म्हटली की चिडून शिकार सोडून धावतात. मात्र अरण्याच्या रोगाचे मूळ ते नव्हेत, ते त्याचे लक्षण आहेत. मूळ दक्षिणेत. ओरोफरने सोडलेल्या आमोन लांकवर नेक्रोमॅन्सरने डॉल गुल्दूर हा गड उभारला. २०६३ मध्ये गँडाल्फ तिथे जाताच तो पूर्वेकडे पळाला आणि अरण्याला जवळपास चारशे वर्षे उसंत मिळाली. २४६० मध्ये तो परतला. २८५० मध्ये गँडाल्फने पुन्हा शिरकाव केला तेव्हा हा साक्षात सॉरॉन असल्याची खात्री झाली. २९४१ मध्ये गँडाल्फ आणि इतर ज्ञानी मंडळींनी त्याला हुसकावले. पण तो ठरवूनच मॉर्डोर या आपल्या मुलखात निघून गेला आणि दहा वर्षांत आपले हस्तक या गडावर बसवले.

३०१९ च्या मार्चमध्ये या गडातून लोरिएनवर तीन हल्ले झाले, उत्तरेत थ्रँडुइलच्या राज्यावरही सैन्य चालून गेले आणि झाडांखाली घनघोर लढाई झाली. सॉरॉनची अंगठी नष्ट करण्याची फ्रोडो या हॉबिटची मोहीम दक्षिणेत पार पडत असताना इथे इतके मोठे युद्ध झाले, पण ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या मुख्य कथनात ते येत नाही. परिशिष्टातल्या काही ओळींवर त्याची बोळवण झाली आहे. वन-एल्फांवर हा अन्यायच म्हणायचा. सॉरॉनच्या पाडावानंतर लोरिएनचा स्वामी केलेबॉर्न याने सैन्यासह अँडुइन ओलांडली आणि गॅलाड्रिएलने डॉल गुल्दूरच्या भिंती पाडल्या. ६ एप्रिलला केलेबॉर्न आणि थ्रँडुइल अरण्याच्या मध्यात भेटले. त्यांनी त्याला एरिन लास्गालेन, म्हणजे हिरव्या पानांचे वन, हे नाव दिले आणि वाटणी केली : डोंगरांपर्यंतचा उत्तर भाग थ्रँडुइलला, अरुंद पट्ट्याच्या दक्षिणेचा केलेबॉर्नला, मधला बेऑर्निंग आणि वुडमन यांना.

१९७२ मध्ये एका इंग्रजी दैनिकाने सरकारी वनीकरणातल्या उदास लागवडींना टॉल्किन यांचे नाव जोडले, तेव्हा ऐंशी वर्षांच्या लेखकाने पत्र लिहून हरकत घेतली. आपण सर्व लेखनात झाडांचीच बाजू घेतली आहे आणि मर्कवुडचे सौंदर्य कथा संपण्यापूर्वी त्याला परत मिळाले आहे, असे त्यांनी बजावले. या अरण्याविषयी वाचायचे असेल त्यांनी ‘द हॉबिट’चे आठवे आणि नववे प्रकरण वाचून थांबू नये, ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’च्या दुसऱ्या परिशिष्टातला कालपट शेजारी ठेवूनच ती वाचावीत.