केंब्रिजची पदविका

संगणकाचा व्यवसाय सरकारी दप्तरी सहसा ओळखला जात नसे त्या काळी, मॉरिस विल्क्स यांचे 'एडसॅक' हे संगणकयंत्र ६ मे १९४९ रोजी जेथे प्रथम चालले त्या केंब्रिज विद्यापीठाने, अन्य शास्त्रांत विद्या संपादन केलेल्यांना पुनश्च विद्यार्थी होण्याचा मार्ग खुला केला, हे त्याचे थोर कार्य होय.

तेथील १९५१ च्या प्रोग्रॅमिंगच्या अल्पकालीन वर्गास लायडनचे भौतिकीचे विद्यार्थी एड्सखर डायक्स्ट्रा उपस्थित राहिले आणि पुढील वर्षी ॲम्स्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर म्हणून रुजू झाले; परंतु जिला विद्वन्मान्य शास्त्राचे अधिष्ठान नाही अशा विद्येस आयुष्य वाहावे काय, या चिंतेने ते व्याकूळ असता, ते शास्त्र घडविणाऱ्यांत आपणच का नसावे, असे त्यांचे वरिष्ठ फान वाइनखार्डन यांनी त्यांस सुचविले, आणि माझ्या मते त्या एका संभाषणाने या विद्येचे भवितव्य पालटले. १९५७ साली विवाहनोंदणीच्या अर्जात डायक्स्ट्रा यांनी लिहिलेला 'प्रोग्रॅमर' हा पेशा नगरपालिकेने नामंजूर केला, म्हणून तेथे 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद करावी लागली.

दरम्यान केंब्रिजने १९५३ मध्ये संगणनाची एक वर्षाची पदव्युत्तर पदविका सुरू केली होती. ती २००८ पर्यंत चालली.