उन्हात न पिकलेले केस

भाच्याचं लग्न चार दिवसांवर आलं आणि आरशातला गृहस्थ वरमाईचा भाऊ न दिसता बाप दिसू लागला. तेव्हा मी रत्नागिरीच्या बाजारातून गुपचूप कलपाची पुडी आणली. पुडीवरच्या सूचना नेहमीप्रमाणे वाचल्या नाहीत. रंग केसांना कमी आणि कपाळाला जास्त बसला.

"अहो, लग्नाआधीच तोंड काळं केलंत?" सौ. म्हणाली.

अशा वेळी पुरुषाने इतिहासाचा आधार घ्यावा. हा नाद काही माझ्यापासून सुरू झालेला नाही. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त ग्रहताऱ्यांइतक्याच गंभीरपणे कलपाची कृती दिली आहे. डोकं पांढरं असलं की हार, अत्तर, दागिने काही म्हणजे काही शोभत नाही, असं त्याचं स्वच्छ मत. म्हणून लोखंडी भांड्यात कोद्रू, म्हणजे आपला कोकणातला हरीक, आंबात शिजवायचा, लोहचूर्णासकट वाटून डोक्यावर थापायचा आणि वर ओली पानं बांधायची. दोन प्रहरांनी ते काढून आवळ्याचा लेप, त्याचे आणखी दोन प्रहर. एकूण बारा तास! शेवटी लोखंडाचा नि आंबाचा वास घालवायला सुगंधी तेल.

ही थाप नव्हे. लोखंडी कढईत आवळा शिजवून पाहा. आवळ्यातला तुरटपणा आणि लोखंड एकत्र आले, की काळं होणारच. पुढे १९०७ साली पॅरिसच्या यूजीन श्यूलरने रसायनांपासून कलप तयार केला आणि आता हे काम अर्ध्यापाऊण तासावर आलं आहे.

हे सगळं मी माजघरात ऐकवत होतो. समोर भिंतीवर वडिलांच्या आत्याचा फोटो होता. आलवणाचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. नवव्या वर्षी विधवा झालेली. पुढे जन्मभर पंधरवड्याला परसदारी न्हावी यायचा. लहानपणी मी तिला विचारलं होतं, "आत्याआजी, तुझे केस काळे की पांढरे?"

ती हसून म्हणाली होती, "न्हाव्याला विचार. मी कुठे पाहिलेत?"

आपल्याच जिल्ह्यातल्या मुरुडच्या धोंडो केशव कर्व्यांनी १८९३ साली गोदूबाईंशी, एका विधवेशी, लग्न केलं आणि गावाने त्यांना वाळीत टाकलं. कर्वे पुढे १०४ वर्षांचे होऊन गेले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पण मुरुडचं ते वारं आमच्या परसदारापर्यंत काही पोचलं नाही.

'माझे केस उन्हात पांढरे झालेले नाहीत,' असं आपण ऐटीत सांगतो. आत्याआजीच्या केसांना कधी ऊनसुद्धा लागलं नाही.

"उरलेली अर्धी पुडी लावून टाका की," सौ. म्हणाली.

"राहू दे," मी म्हटलं.

लग्नाला करड्या डोक्याने गेलो. कपाळावरचा डाग मात्र प्रत्येक फोटोत सुरेख आला आहे.