जिओकॅशिंग, संडरलंडच्या नदीकाठी
उपग्रहांच्या आधारे अक्षांश-रेखांश गाठून लपवलेली डबी शोधण्याचा मैदानी खेळ (पहा : जीपीएस). अमेरिकेने जीपीएसच्या नागरी संकेतांतील हेतुपुरस्सर ठेवलेली अचूकतेची मर्यादा २ मे २००० रोजी उठवली. दुसऱ्याच दिवशी ऑरेगन राज्यात पहिली डबी ठेवली गेली. शोधणारा डबीतील वहीत नाव नोंदवून डबी जागच्या जागी ठेवतो. बहुटप्पी प्रकारात स्मारकांवरील सनांच्या अंकांतून पुढचे स्थान काढतात. इंग्लंडमधील संडरलंड येथे वेअर नदीकाठी सेंट पीटर चर्च (स्थापना ६७४), वेअरमाउथ पूल (१९२९) व नॉर्दर्न स्पायर पूल (२०१८) ही त्यासाठी सोयीची ठळक ठिकाणे. येथील जहाजबांधणी (पहा) १९८८ मध्ये थांबली. कारखाने हटलेल्या काठाचा इतिहास पायी वाचण्याचे जिओकॅशिंग हे मोलाचे साधन आहे.